नकाशावरचा रंग आणि कामगाराचे घर

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, म्हणजे तो संपाविषयी बोलेल, बोनसाविषयी बोलेल, फार तर महागाईविषयी बोलेल, अशी अपेक्षा असते. आम्ही आज नकाशाविषयी बोलणार आहोत. महानगरपालिकेच्या कचेरीत विकास आराखड्याचे तक्ते असतात. त्यांत राहण्याच्या जागेला पिवळा रंग, कारखान्यांच्या जागेला जांभळा, ना-विकास क्षेत्राला हिरवा असे रंग दिलेले असतात. एका रंगाच्या जागी दुसरा रंग आला की त्या जमिनीची किंमत बदलते, तिच्यावर काय बांधता येईल ते बदलते, आणि तिच्या आसपास कोण राहू शकेल तेही ठरून जाते. पगाराच्या करारासाठी आम्ही महिनेच्या महिने भांडतो. परंतु त्या करारात मिळवलेले सारे, रंग बदलला की घरभाड्यात आणि रेल्वेच्या पासात निघून जाते. हे कसे घडले, ते आपल्या उपनगरांच्या इतिहासातून सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि ग्रंथालयात अधिक झाले. तेव्हा मांडणीत कोठे ओबडधोबडपणा दिसला तर तो सांभाळून घ्यावा.

खोली आणि मत

मुंबईच्या कामगाराच्या घराचा विचार सरकारला प्रथम सुचला तो प्लेगामुळे. १८९६ साली मांडवी भागात प्लेग सुरू झाला, हजारो माणसे गावी पळाली, गिरण्या ओस पडू लागल्या. तेव्हा दाटीच्या वस्त्या मोडून रस्ते रुंद करावेत, म्हणून १८९८ साली मुंबई सुधार मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'सुधार ट्रस्ट', स्थापन झाला. ट्रस्टने रस्ते केले, काही चाळीही बांधल्या. परंतु जुन्या खोल्या जितक्या वेगाने पडल्या तितक्या वेगाने नव्या उभ्या राहिल्या नाहीत. उठवलेला माणूस शेजारच्या चाळीत शिरला आणि तेथील दाटी वाढली. १९२१-२२ साली सरकारच्या कामगार कचेरीने कामगार कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा शंभरातली सत्त्याण्णव कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले.

त्याच सुमारास, १९२० साली, गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खाते निघाले. कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या; खोल्या झाल्या सुमारे सोळा हजार. त्यांतल्याही अनेक खोल्या आरंभी रिकाम्या राहिल्या, कारण भाडे परवडत नव्हते आणि तेथून गिरणी लांब पडत होती. ज्याच्यासाठी घर बांधायचे त्याला विचारायचे नाही, ही चाल तेव्हापासूनची आहे.

त्याला विचारले नाही, कारण विचारण्याची गरज नव्हती. १९२२ च्या दुरुस्तीने मुंबई महापालिकेचे मत मिळाले ते दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्याला. एका खोलीत राहणाऱ्या बहुतेक गिरणी कामगारांचे भाडे याहून कमी होते. म्हणजे ज्याची खोली लहान त्याला मत नाही, आणि ज्याला मत नाही त्याची खोली लहानच राहणार! सर्व प्रौढांना महापालिकेचे मत मिळाले ते १९४८ साली.

याच काळात युरोपात काय चालले होते ते पाहण्याजोगे आहे. व्हिएन्ना शहरात १९१९ साली सर्वांच्या मतांवर नगरपालिका निवडली गेली. त्या नगरपालिकेने १९२३ मध्ये घरबांधणीचा कर बसवला. लहान घरावर तो थोडा आणि आलिशान घरावर भारी होता. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. आजही ती नगरपालिकेच्या मालकीची आहेत आणि तेथे माणसे राहतात. दोन्ही शहरांत कर बसला, दोन्ही शहरांत सरकारी यंत्रणा होती. फरक एवढाच, की व्हिएन्नात घर बांधणारे मंडळ भाडेकरूला उत्तर देण्यास बांधलेले होते आणि मुंबईत नव्हते.

साष्टीचे शहर झाले ते असे

आता आपल्या उपनगरांकडे वळू. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती कुर्ला-भांडुपवरून. तेव्हा दोहों बाजूंस भातशेती, ताडमाड आणि मिठागरे होती. १९२० साली वांद्रे हे ठाणे ठरवून मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. १९१५ च्या नगररचना कायद्याखाली वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले अशा ठिकाणी योजना आखल्या गेल्या. शेते एकत्र करून रस्ते काढले, प्लॉट पाडले. मुलुंडची आखणी १९२२ सालची. येथील सरळ आणि एकमेकांस छेदणारे रस्ते आजही तिची साक्ष देतात. १९२५ साली व्हीटीहून कुर्ल्यापर्यंत आणि १९२८ साली पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली, आणि फोर्टात नोकरी व साष्टीत बिऱ्हाड हे शक्य झाले.

परंतु हे बिऱ्हाड कुणाचे? कारकुनाचे, शिक्षकाचे, वकिलाचे, व्यापाऱ्याचे. या मंडळींनी सहकारी गृहनिर्माणाचा मार्ग धरला. १९१५ साली गावदेवीस निघालेली सारस्वत मंडळींची संस्था हा त्याचा वडीलधारा नमुना. त्यांचे कर्तृत्व आम्ही कमी लेखत नाही. चार माणसांनी पैसा, कागद आणि वेळ एकत्र केला, तर घर होते, हे त्यांनी दाखवून दिले. परंतु उपनगराची पहिली आखणी बंगल्याच्या प्लॉटाच्या मापाने झाली. गिरणीतला जॉबर किंवा साचेवाला त्या मापात बसत नव्हता.

१५ एप्रिल १९५० रोजी महापालिकेची हद्द उपनगरांत वाढली. १ फेब्रुवारी १९५७ रोजी ती बोरिवली-दहिसर आणि मुलुंडपर्यंत आली आणि आजची बृहन्मुंबई पुरी झाली. याच्या आधीच, १९४८ साली, महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक आणि अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांनी शहराची रूपरेषा आखून दिली होती. बेटावरची दाटी उपनगरांत आणि खाडीपलीकडे न्यावी, असा तिचा रोख होता. तशी ती गेलीही. १९६१ च्या शिरगणतीत बेटावर सुमारे २७.७ लाख माणसे होती आणि उपनगरांत १३.८ लाख. २०११ मध्ये बेटावर ३०.९ लाख, आणि उपनगरांत ९३.६ लाख! पन्नास वर्षांत मुंबई जी वाढली ती अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंडच्या बाजूला वाढली. म्हणून मुंबईच्या घरांचा इतिहास हा मुख्यतः उपनगरांच्या नकाशाचा इतिहास आहे, असे आम्ही म्हणतो.

जे चांगले झाले ते

या इतिहासात केवळ रडगाणे नाही. १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. १९५२ मध्ये केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी साहाय्यित गृहनिर्माण योजना काढली. अर्थसाहाय्य व कर्ज केंद्राने द्यावे, घरे राज्याच्या मंडळाने, कारखानदाराने किंवा कामगारांच्या सहकारी संस्थेने बांधावीत, अशी ती योजना होती. मंडळाच्या हातून उपनगरांत वसाहती उभ्या राहिल्या. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे टागोरनगर आणि कन्नमवारनगर, कुर्ल्याचे नेहरूनगर, चेंबूरचे टिळकनगर, अंधेरीचे डी. एन. नगर, गोरेगावचे मोतीलालनगर ही नावे आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. विक्रोळीस गोदरेजने आपल्या कामगारांसाठी पिरोजशानगर वसवले.

कन्नमवारनगरात आम्ही वर्षानुवर्षे सभा घेतल्या आहेत. खोल्या लहान, जिने अरुंद. परंतु मधोमध मैदान, जवळ शाळा, आणि कारखाना सायकलीच्या अंतरावर. संध्याकाळी पाळी सुटली की अर्ध्या तासात माणूस घरी. त्यामुळे तो सभेला येई, मुलांचा अभ्यास घेई, नाटकाच्या तालमीला बसे. उपनगरांतल्या कामगार नाट्यस्पर्धा, भजनी मंडळे, कबड्डीचे संघ कशावर जगले? त्या अर्ध्या तासावर. पुढे १९७७ मध्ये मंडळाची जागा म्हाडाने घेतली. बांधलेल्या वसाहती मागणीच्या मानाने थोड्या होत्या हे खरे. परंतु सरकारने जमीन राखून ठेवली तर कामगाराचे घर कामाजवळ होऊ शकते, याचा पुरावा त्या वसाहती आजही देत उभ्या आहेत.

जांभळ्या रंगापुढची रिकामी जागा

१९५४ च्या नगररचना कायद्याने महापालिकांना विकास आराखडा करणे बंधनकारक केले. मुंबईचा पहिला आराखडा १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९६७ पर्यंत मंजूर झाला. जमिनीचे वापरानुसार विभाग पडले. प्लॉटाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करावयाचे, हे सांगणारा चटई क्षेत्र निर्देशांकही १९६४ च्या नियमांनी आला. शाळा, दवाखाना, बाग, बाजार यांच्यासाठी भूखंड आरक्षित झाले. विस्थापितांच्या घरांसाठीही काही आरक्षणे पडली.

या आराखड्यात अंधेरी-कुर्ला रस्ता, साकीनाका आणि आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, येथे मोठाले पट्टे कारखान्यांना मिळाले. मरोळला औद्योगिक वसाहत आली. भांडुप-मुलुंडच्या रस्त्याला औषधांचे, टायरचे, रंगाचे, यंत्रसामग्रीचे कारखाने उभे राहिले. कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून माणूस आला. त्याला यंत्रापुढे उभे राहण्याची जागा नकाशात होती. रात्री झोपण्याची नव्हती. दहा हजार माणसांना काम देणारा पट्टा आखताना त्या दहा हजारांच्या घरांचा पट्टा शेजारी आखावा, असे बंधन कोणी घातले नाही.

मग माणूस कोठे गेला? नकाशात ज्या जागेला कोणी विचारत नव्हते तेथे गेला. भांडुपचा डोंगर, घाटकोपरचा असल्फा, विक्रोळीचे सूर्यनगर, साकीनाक्याच्या टेकड्या, मालाडचे कुरार, खाडीचे काठ. कायद्याच्या भाषेत तो अतिक्रमक ठरला. आमच्या मते त्याने नकाशातली चूक आपल्या हाताने, पत्र्याने आणि बांबूने दुरुस्त केली. मात्र त्या दुरुस्तीची किंमत त्यानेच मोजली. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळली आणि साठांहून अधिक माणसे गाडली गेली. २६ जुलै २००५ च्या पावसात साकीनाक्यास तेच घडले. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत पडली, जुलै २०२१ मध्ये चेंबूर आणि विक्रोळीत. दर वेळी वर्तमानपत्रांत पावसाचे आकडे छापून येतात. त्या माणसांना डोंगराच्या कडेला कोणी नेऊन बसवले, या प्रश्नाचे उत्तर मात्र जुन्या आराखड्याच्या तक्त्यांत शोधावे लागते.

जमीन होती

येथे कोणी म्हणेल, मुंबई चिंचोळी, तिला तिन्ही बाजूंनी पाणी. जमीन आणायची कोठून? हा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा झाला. मुंबईत एका मालकाकडे ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक मोकळी जमीन नसावी, जादा जमीन सरकारने घ्यावी, असा त्याचा आशय. कायद्यात सूट देण्याचीही कलमे होती. जादा जमिनीवर दुर्बल घटकांसाठी घरे बांधीन, असे म्हणणाऱ्याला जमीन ठेवता येई. सुटी पुष्कळ दिल्या गेल्या, जमीन सरकारच्या हाती थोडी आली, आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदाच मोडीत काढला.

परंतु ज्यांनी त्याच कायद्याचा पाठपुरावा केला त्यांना काय मिळाले, हेही सांगितले पाहिजे. गोरेगावच्या मृणालताई गोरे १९६१ साली महापालिकेत निवडून आल्या आणि पाण्यासाठी दिलेल्या लढ्यांमुळे 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांनी आणि बाबूराव सामंत प्रभृती सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभी नागरी निवारा परिषद स्थापन केली. मोर्चे काढले, न्यायालयात गेले, वर्षानुवर्षे चिकाटीने सरकारदरबारी फेऱ्या मारल्या. अखेर दिंडोशीची जमीन मिळाली आणि तेथे सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. मध्यमवर्गीय, अल्प उत्पन्नाची, नोकरदार माणसे त्यांत राहावयास गेली. जमीन होती. ती मागणारी संघटना लागत होती, आणि ती संघटना कागद वाचणारी असावी लागत होती.

आमची चूक

आता आमच्याविषयी. हा भाग सांगताना संकोच वाटतो, तरी सांगतो.

१९९१ साली नवे विकास नियंत्रण नियम आले. बेटावर चटई क्षेत्र निर्देशांक १.३३ आणि उपनगरांत १ असे साधारण प्रमाण राहिले. आरक्षित जमीन महापालिकेला देणाऱ्याला हस्तांतरणीय विकास हक्क मिळू लागला, आणि तो मूळ जागेच्या उत्तरेकडेच वापरता येत असल्यामुळे त्याचे ओझे उपनगरांवर येऊन पडले. याच नियमांनी गिरण्यांच्या जमिनीची तीन वाट्यांत विभागणी सांगितली: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. १९८२ च्या संपानंतर भिकेला लागलेल्या गिरणगावाला त्यात आशा दिसली. २००१ साली नियमांत दुरुस्ती होऊन वाटणी केवळ गिरणीतल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि वाटे आक्रसले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. तरी दत्ता इस्वलकर आणि त्यांचे सहकारी हटले नाहीत. २०१२ पासून गिरणी कामगारांना सोडतीने घरे मिळू लागली. अर्जदारांच्या मानाने ती मूठभरच आहेत; पण ती मिळाली, कारण गिरणी कामगाराने 'जमिनीत माझा वाटा आहे' असे म्हटले.

उपनगरांतल्या आम्ही कारखान्यांच्या कामगारांनी तसे म्हटले नाही. याच १९९१ च्या नियमांत औद्योगिक विभागातली जमीन राहण्याच्या वापरास देण्याची वाट होती. बंद कारखान्याच्या बाबतीत अट होती ती कामगार आयुक्तांच्या ना हरकत दाखल्याची; कामगारांची देणी चुकती झाली आहेत, हे पाहून तो दाखला मिळे.

आमचा स्वतःचा कारखाना भांडुपच्या बाजूला होता. नाव सांगत नाही. त्यासारखे पुष्कळ होते. एकोणिसाव्या वर्षी मदतनीस म्हणून आम्ही तेथे लागलो आणि पुढे संघटनेचे काम करू लागलो. नव्वदीच्या अखेरीस कारखाना बंद पडला. दोन वर्षे गेटवर बसून आम्ही देणी मिळवली: ग्रॅच्युइटी, नुकसानभरपाई, थकलेला पगार. रंग बदलण्यासाठी मालकाला तो दाखला हवा होता, हे आम्हांला कळले होते, आणि त्याच जोरावर आम्ही हिशेब वाढवून घेतला. शेवटच्या गेटसभेत गुलाल उधळला. सभा संपल्यावर आमच्या खात्यातले एक वृद्ध फिटर, ज्यांना सारे मामा म्हणत, बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, पैशाचं बोललास ते बरंच झालं. पण या जागेवर आपण तीस वर्षं घाम गाळला. इथं उद्या घरं होणार म्हणतात. त्यातलं एक तरी आपल्यातल्या कुणाला मिळंल का, ते विचारलंस का?"

आम्ही विचारले नव्हते. आम्हांला सुचलेच नव्हते. मागणीपत्रकात चौतीस कलमे होती. घराचे एकही नव्हते. जमिनीचा दाखला अडवून धरण्याचे सामर्थ्य त्या दिवशी आमच्या हातात होते, आणि ते आम्ही रोख रकमेत मोडले. मामांचे पैसे मुलीच्या लग्नात आणि आजारपणात संपले. कारखान्याच्या जागी मनोरे उभे राहिले. मामांचा मुलगा आज बदलापुरास राहतो आणि पहाटेच्या गाडीने येऊन त्याच मनोऱ्यांच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहतो. त्याच्या बापाचे यंत्र जेथे होते तेथे आता मोटारींचा तळ आहे. यात दोष एकट्या मालकाचा नाही, एकट्या सरकारचाही नाही. संघटनेच्या ज्या माणसाला पगाराची पावती वाचता येत होती आणि जमिनीचा नकाशा वाचता येत नव्हता, त्याचाही आहे. तो माणूस आपल्यापुढे उभा आहे. त्या सभेनंतर आम्ही शब्दकोश उशाशी घेऊन विकास नियंत्रण नियम वाचावयास बसलो. फार उशीर झाला होता.

आजचा वाद

शेवटी सांप्रतच्या वादाकडे येऊ. २०१४ ते २०३४ या काळाच्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानकांजवळ चटई क्षेत्र निर्देशांक आठपर्यंत नेण्याचा त्यात विचार होता. लोकांनी हजारो हरकती घेतल्या, तक्त्यांतल्या चुका दाखवल्या, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो पुन्हा करावयास सांगितला. सुधारलेला मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजूर आराखडा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. दहा लाख परवडणारी घरे हे त्याचे उद्दिष्ट म्हणून सांगण्यात आले. त्यासाठी ना-विकास क्षेत्रातल्या जमिनी खुल्या करावयाच्या होत्या. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्ग येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन केंद्राकडून घेऊन धारावीच्या पुनर्वसनातील भाड्याच्या घरांसाठी वापरण्याचे ठरवले, तेव्हा मुलुंडमध्ये मोठा विरोध झाला.

या वादात दोन्ही बाजूंना आमचे मित्र आहेत. एक म्हणतात, मिठागरे ही पावसाच्या पाण्याची पसरण्याची जागा आहे. ती भरली तर २००५ चा जुलै पुन्हा येईल, आणि आमच्या पाण्यावर, गाड्यांवर, इस्पितळांवर लाखो माणसांचा भार पडेल. हे खोटे नाही. दुसरे म्हणतात, ज्यांना तुम्ही येथे नको म्हणता तीच माणसे तुमची मुले सांभाळतात, तुमची भाजी आणतात, तुमच्या इमारतीचे पाणी चढवतात; त्यांनी राहावे कोठे? हेही खोटे नाही. आमचे म्हणणे इतकेच, की मिठागर की माणूस, असा पेच गरिबापुढे टाकण्याआधी जांभळ्या पट्ट्यांचे काय केले, याचा हिशेब मागावा. शास्त्री मार्गावरची कारखान्यांची जमीन उंच, कोरडी, स्थानकाजवळची होती. रस्ते, नळ, वीज सारे तेथे पोचलेले होते. कामगारांच्या घरांसाठी याहून योग्य जागा नव्हती. ती बाजाराला दिली, आणि उरली ती पाणथळ जागा कामगाराला दाखवली. मुलुंडचा रहिवासी आणि धारावीचा कारागीर आज एकमेकांशी भांडत आहेत ते या हिशेबामुळे.

कायद्याने लोकांना दार ठेवलेले आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, हरकती व सूचना मागवाव्या लागतात, नियोजन समितीपुढे सुनावणी द्यावी लागते. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन केली नाही, तर मालकाच्या नोटिशीनंतर ते आरक्षण रद्दही होऊ शकते. म्हणजे लक्ष ठेवणारे कोणी नसेल, तर शाळेचा किंवा घरांचा भूखंड गुपचूप हातचा जातो. अशा सुनावण्यांना आम्ही गेलो आहोत. तेथे जमीनमालकांचे वास्तुशास्त्रज्ञ असतात, गृहसंस्थांचे चिटणीस असतात, झाडे वाचवणारे तरुण असतात. कारखान्यातला माणूस दिसत नाही. त्या दिवशी त्याची पाळी असते. मार्च २०२२ मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला, तेव्हा तर ज्याला जाऊन विचारावे असा नगरसेवकही उरला नव्हता.

म्हणून आपल्याला एक व्यवहारातली विनंती करतो. आपल्या वॉर्डाचा तक्ता एकदा पाहून या. आपल्या गल्लीत घरांसाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी कोणता भूखंड राखलेला आहे, तेथे आज काय आहे, आणि त्याची मुदत केव्हा संपते, एवढे वहीत लिहून आणा. एखाद्या कारखान्याच्या जमिनीचा रंग बदलण्याची सूचना निघाली, तर तेथे काम करणाऱ्यांसाठी किती घरे, असे लेखी विचारा. संघटनेत असाल तर पुढच्या मागणीपत्रकात घराचे कलम घाला. आम्ही आमच्या युनियनमध्ये ते आता पहिले कलम म्हणून घालतो. मालक हसतात, परंतु खोडत नाहीत.

मामा चार वर्षांपूर्वी बदलापुरास वारले. आम्ही अंत्यदर्शनाला गेलो तेव्हा मुलगा म्हणाला, "पाळी बदलून मिळाली नाही, म्हणून रात्री बाबांजवळ नव्हतो. गाडीत होतो." भांडुपात घर असते तर तो दहा मिनिटांत पोचला असता.